‘हिरवं लग्न म्हणजे श्रीमंतांचे चोचले’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

तुळशीचं लग्न झालं की आमच्या खानापूर, बेळगाव, निपाणी भागात मुहूर्त सुरू होतात, आणि त्याच सुमारास एक मेसेज फोनवर फिरायला लागतो. मला तो घरच्या ग्रुपवर दोनदा आणि गावच्या ग्रुपवर तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: ‘पर्यावरणपूरक लग्न हे श्रीमंतांचे चोचले. खर्च दुप्पट. स्टीलची ताटं धुवायला पाणी वाया जातं, पत्रावळीसाठी झाडं मरतात, त्यापेक्षा कागदी प्लेट बरी. उरलेलं अन्न गुरं खातात, नासाडी होतच नाही. पानावर वाढलं तर पाहुण्यांचा मान राहत नाही. हे आपल्या संस्कृतीवर आक्रमण आहे, आणि एका लग्नाने असा काय फरक पडतो?’

पाठवणाऱ्यांत माझे चुलतभाऊ आहेत, सोबत शिकलेले मित्र आहेत. त्यांचा हेतू वाईट नाही. पण गेल्या मे महिन्यात पुतणीचं लग्न आम्ही गावातच, दारात मांडव घालून केलं. ७०० पानं उठली. त्या चार दिवसांत जे हाताने केलं ते या मेसेजमधल्या जवळजवळ प्रत्येक ओळीच्या उलट आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी खर्चाचं. यात एक गोष्ट खरी आहे. रिसॉर्टवरचं लग्न, बाहेरून मागवलेली महागडी फुलं, बिया घातलेल्या कागदाची पत्रिका, आणि वर ‘ग्रीन वेडिंग’ची पाटी, असा प्रकार आता आपल्याकडेही येतोय आणि तो महागच आहे. त्यातली फुलं बहुतेकदा हिरव्या स्पंजात खोचलेली असतात, आणि तो स्पंज म्हणजे प्लास्टिकच, कधी न कुजणारं. अशा लग्नाला चोचले म्हटलं तर माझी हरकत नाही.

आमच्याकडे मात्र देवस्की पंचांकडे, म्हणजे गावच्या देवळाचा कारभार बघणाऱ्या मंडळींकडे, गावची भांडी आहेत. ताटं, वाट्या, तांबे, पातेली, काहिली. नाममात्र भाडं, आणि हरवलं तर भरून द्यायचं. खानापूर तालुक्यातल्या कितीतरी गावांत आजही अशी भांडी देवळाच्या खोलीत पडून असतात आणि त्याच गावातली माणसं बेळगावहून टेम्पो भरून प्लेटा आणतात. पाण्याचा हिशेब बघा. माणशी २०० मिलीच्या दोन बाटल्या धरल्या तर ७०० माणसांना १,४०० बाटल्या होतात, आणि त्यातल्या बऱ्याच अर्ध्या पिऊन खुर्चीखाली राहतात. त्याऐवजी माणशी एक लिटर धरून २० लिटरचे ३५ जार पुरले. शिवाय मांडवाच्या दोन कोपऱ्यांत खानापूरचे माठ ठेवले होते. खानापूरच्या मातीच्या भांड्यांना आणि कौलांना मोठं नाव आहे, ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. मे महिन्यात म्हाताऱ्या माणसांनी जारला हात लावला नाही, माठाकडेच गेली.

फ्लेक्स लावला नाही. नाव रंगवून कापडी फलक केला, तो आता पुढच्या लग्नाला पाठ वापरून पुन्हा रंगवता येईल. टॉवेल-टोपीचा आहेर दोन्हीकडून बंद ठेवला. हा निर्णय सगळ्यात अवघड गेला, कारण मान कापडात मोजायची सवय आहे. पण प्रत्येकाच्या कपाटात लग्नांतून आलेल्या, कधी न वापरलेल्या टॉवेलांची चवड आहे हे सगळ्यांना माहीत होतं. जवळच्या मोजक्या बायकांना वडगाव-खासबागच्या मागावरच्या साड्या घेतल्या. पैसा बेळगावातच राहिला. एकूण खर्च दुप्पट तर नाहीच, थोरल्या पुतणीच्या कार्यालयातल्या लग्नापेक्षा बराच कमी आला.

स्टील धुवायला पाणी लागतं, हे बरोबर. आम्ही मोजलं. पाचशे-पाचशे लिटरच्या दोन टाक्या भरल्या होत्या, त्यांत ताटं, वाट्या, तांबे सगळं झालं. युक्ती एवढीच की नळाखाली धुवायचं नाही. आधी खरकटं झाडून वेगळ्या बुट्टीत काढायचं, मग एका पिंपात घासायचं, दुसऱ्यात खळबळायचं, तिसऱ्यात शेवटचा हात. पहिल्या पिंपाचं पाणी केळीच्या आळ्यात सोडलं. पण ज्या गावात मे महिन्यात टँकरने पाणी येतं तिथे मी स्टीलचा आग्रह धरणार नाही. आमच्या तालुक्यात कणकुंबीकडे पावसाळ्यात पाऊस ओततो आणि तरी उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात. तिथे पानच बरं.

आता पानाची गोष्ट. पळसाची पानं तोडली म्हणून पळस मरत नाही. तो दरवर्षी स्वतःच पानं गाळतो, फुलतो आणि मग नव्याने पालवतो. केळीचा घड उतरला की ती केळ कापावीच लागते. शिरसी-सिद्दापूरकडून येणारी ताटं तर पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, विऱ्यांची असतात. विरी म्हणजे पानाच्या देठाकडचं रुंद आवरण. विरी वाळून झाडावरून आपोआप गळते, ती भिजवून साच्यात दाबली की ताट होतं. एवढं खरं की कुणी पानांसाठी अख्ख्या फांद्याच तोडून आणत असेल, किंवा भीमगडच्या अभयारण्यात शिरत असेल, तर ते चूक आहे आणि बेकायदाही. आमची पानं बांधावरच्या पळसांची होती. गल्लीतल्या बायकांनी पंधरा दिवस दुपारी बसून काड्यांनी टाचली, त्याचे पैसे त्यांना दिले.

विकत घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. बाजारात पान वरती आणि खाली प्लास्टिकचा पातळ कागद, अशा पत्रावळीही मिळतात. कडेला फाडून बघा, पापुद्रा ताणला गेला तर घेऊ नका. हाच पापुद्रा ‘कागदी’ प्लेटांना आणि कपांना असतो. चंदेरी मुलाम्याची ती ताटं कागदाची असती तर आमटी वाढल्यावर दोन मिनिटांत गळाली असती. खरगपूरच्या आयआयटीने २०२० मध्ये कागदी कपांची तपासणी केली, तेव्हा १०० मिली गरम पाणी अशा कपात १५ मिनिटं राहिलं की त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात असं दिसलं. लग्नातला चहा आपण नेमका असाच पितो, कुणाशी तरी बोलत, सावकाश. आणि थर्माकोलचं म्हणाल तर ताटं, कप, फ्लेक्स या सगळ्यावर कर्नाटकात मार्च २०१६ पासून बंदी आहे. पलीकडे महाराष्ट्रात २०१८ मध्ये आली. त्यामुळे ‘कोल्हापूरहून आणतो’ हेही उत्तर राहिलेलं नाही.

मेसेजमधली मला सगळ्यात टोचलेली ओळ गुरांची आहे. ‘उरलेलं अन्न गुरं खातात.’ हे म्हणणाऱ्या माणसाने गोठा सांभाळलेला नसावा, किंवा त्याच्यावर ती वेळ आली नसावी.

गाय-म्हैस रवंथ करणारं जनावर. तिच्या पहिल्या मोठ्या पोटात असंख्य सूक्ष्म जीव असतात, ते गवत आणि कडबा हळूहळू कुजवून पचवतात. त्या पोटात एकदम पाटीभर भात, चपात्या, बुंदी, जिलबी गेली की तिथे झपाट्याने आम्ल तयार होतं. चारा पचवणारे जीव मरतात, रवंथ थांबतो, पोट फुगतं, अंगातलं पाणी पोटाकडे ओढलं जातं. जनावर एक-दोन दिवसांत दगावू शकतं. आमच्या शेजाऱ्यांची गाभण म्हैस अशीच गेली. रस्त्याकडेच्या एका कार्यालयामागे लग्नाचं उरलेलं टाकलं होतं, दावं तोडून ती तिकडे पोचली. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण असं टाकणारं ते एकटंच नाही. डॉक्टर रात्री आले, त्यांनी जमेल ते केलं. पहाटे म्हैस गेली. पोट फाडलं तेव्हा भाताबरोबर प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा निघाला. शेजारच्या वहिनी दोन दिवस जेवल्या नाहीत. कार्य असलेल्या घराने मोठ्या भक्तीने ‘मुक्या जिवांना’ ते अन्न घातलं होतं.

म्हणून नासाडी मुळात ताटातच थांबवावी लागते. आम्ही बुफे ठेवला नाही, पंगत घातली. आचाऱ्याला आधी सांगितलं की पदार्थ पाचच: मसालेभात, वांग्याची भाजी, आमटी, चपाती आणि गोडाला बुंदी. मठ्ठा वेगळा. चपाती अर्धी करून वाढायची, मागेल त्याला पुन्हा. वाढपी म्हणून गल्लीतली पोरं होती. त्यांना एकच सूचना होती: विचारल्याशिवाय ताटात काही घालायचं नाही, पण दुसऱ्यांदा विचारायला विसरायचंही नाही. भात दोन घाण्यांत शिजवला. दुसरा घाणा तिसऱ्या पंगतीची डोकी मोजून टाकला. शेवटची पंगत बसायच्या आधीच बेळगावातल्या एका वसतिगृहाला फोन करून ठेवला होता, कारण मे महिन्याच्या उकाड्यात शिजलेलं अन्न चार-पाच तास पडलं की ते कुणाला द्यायच्या लायकीचं राहत नाही. शेवटी एक पातेलं भात आणि थोडी आमटी उरली, ती गरम असतानाच गेली. खरकटं आणि पत्रावळी उकिरड्यात मातीखाली गाडल्या.

संस्कृतीबद्दल फार लिहीत नाही. आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण, केळीचे खांब, शेणाने सारवलेलं अंगण, सनई, हलगी, पानावरची पंगत हे आपलंच आहे. डॉल्बी आणि कागदी फवारे उडवणारी यंत्रं आजीच्या लग्नात नव्हती. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे. साधेपणाही बाहेरून आलेला नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लावलं, त्यामागे कर्ज काढून लग्न करणाऱ्या शेतकऱ्याचीही काळजी होती. अक्षतांचं मात्र घरात जुळलं नाही. मी फुलांच्या पाकळ्या म्हणत होतो, वहिनी तांदळावर ठाम होत्या. शेवटी हातात मावतील तेवढ्याच अक्षता वाटल्या आणि खाली चादरी अंथरल्या. गोळा झालेले तांदूळ निवडून कोंबड्यांना थोडे-थोडे घातले.

आणि ‘एका लग्नाने काय होतं?’ आमची मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि खानापुरातून पुढे जाते. तिच्या काठावर टाकलेल्या प्लेटा पहिल्या वळवाच्या पावसात वाहून निघतात. हेच पाणी पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या धरणात अडतं आणि तिथून हुबळी-धारवाडच्या नळांना जातं. बेळगाव शहरातल्या कार्यालयांचा कचरा तुरमुरी गावच्या कचरा डेपोत जातो. त्या शिवारात ज्यांची शेती आहे त्यांना पावसाळ्यातल्या वासाबद्दल विचारा. एका मुहूर्ताला जिल्ह्यात एकच लग्न नसतं, हे पत्रिकांची चवड हातात घेऊन उन्हात फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर शंभराहून जास्त माणसं परवाना नसलेल्या जागी जमणार असतील तर कामाचे किमान तीन दिवस आधी पंचायतीला कळवायचं आणि कचरा वेगळा करायचा, असं लिहिलं होतं. आम्ही ग्रामपंचायतीत अर्ज नेला तेव्हा तिथला कारकून म्हणाला, असा अर्ज घेऊन आलेले तुम्ही पहिलेच.

राहिला पाहुण्यांचा मान. निपाणीहून आमची थोरली आत्या आली होती. वय ऐंशीच्या पुढे, मानपानात कडक, पूर्वी एका लग्नात रुसून न जेवता गेलेली. पहिली पंगत पानांवर होती, पण ती त्यात बसणार म्हणून आम्ही तिच्यापुरतं स्टीलचं ताट मांडलं होतं. तिने ते बाजूला सारलं आणि पान मागितलं. जेवून उठल्यावर मला हाक मारली. ‘कुठनं आणलास रे ही पानं?’ बांधावरची, बायकांनी टाचली म्हणून सांगितलं. निघताना तिने उरलेल्या पत्रावळींची एक चवड पिशवीत घालून मागितली. पुढच्या महिन्यात नातवाचं जावळ होतं.