आधी स्लॅबला पाणी

अण्णा गिरणीत फिटर होते. कुठलंही काम जवळ उभं राहून बघितल्याशिवाय नीट होत नाही, ही त्यांची तेव्हापासूनची श्रद्धा. त्यामुळे सकाळचा चहा झाला की खांद्यावर पंचा, खिशात टेप, आणि स्वारी थेट जुळे सोलापूरच्या प्लॉटवर. मेस्त्री यायच्या आधी पोचायचं, हा त्यांचा नियम. मेस्त्री कधी येणार हे खुद्द मेस्त्रींनाही माहीत नसल्यामुळे अण्णांचा नियम आजवर मोडलेला नाही.

दसऱ्याला कुदळ मारली तेव्हा पाडव्याला गृहप्रवेश ठरला होता. पण आमच्या प्लॉटला काळी माती. पावसात फुगते, उन्हात आक्रसते, आणि वर टेकवलेल्या भिंतींना चिरा पाडते. इंजिनिअर म्हणाले, मुरूम लागेपर्यंत खाली जा. गेलो. मुरमाच्या आधी बँकेतल्या पैशांचा तळ लागला. पुण्याहून धाकटा भाऊ रोज घरच्या ग्रुपवर विचारायचा, "काम कुठवर आलं?" अण्णा खड्ड्याचा फोटो टाकायचे.

"कालचाच आहे की हा."

"आजचा आहे. नीट बघ."

एकदा अण्णांनी चुकून शेजारच्या प्लॉटचा फोटो टाकला. तिथं कॉलम छातीएवढे आले होते. भावानं लगेच लिहिलं, "वा! आता कसं जोरात चाललंय!" हैदराबादच्या अक्काने तर तीन नारळ आणि हात जोडलेले पाठवले. अण्णांनी खुलासा केला नाही. दोन दिवस घरात फार प्रसन्न वातावरण होतं.

मग जोतं झालं आणि आमच्या हिच्या काळजात धस्स झालं. "ही बेडरूम? एवढीशी?" घरून सोलापुरी चादर आणून तिनं ती जोत्यावर अंथरली, म्हणजे तो पलंग. विटा मांडल्या, ते कपाट. मग पलंग आणि कपाट यांच्यामधून आडवं चालून दाखवलं. मेस्त्री थापी धुता धुता म्हणाले, "वहिनी, जोत्यावर खोली बारीकच दिसती. भिंती उठू द्या, मोठी हुती बघा." भिंतींनी जागा खाल्ल्यावर खोली मोठी कशी होईल, हा तिचा मुद्दा बिनतोड होता. पण खोली खरंच मोठी दिसायला लागली. तेव्हापासून ती मेस्त्रींना चहात साखर जास्त घालते.

अमावस्येला काम बंद, हे सांगायला लागत नाही. त्यातही येळवस, म्हणजे शेतात पूजा करून तिथंच जेवायची अमावस्या, आली की विचारूच नका. सगळे आपापल्या गावी, शेतात, भज्जी आणि आंबिलीवर. दुसऱ्या दिवशी अण्णा खडसावायच्या तयारीनं गेले, तर मेस्त्रींनी बाजरीच्या उंड्यांचा आणि भज्जीचा डबाच पुढे केला. भरल्या तोंडानं माणूस किती रागावणार? मग लागलीच गड्डा, म्हणजे आमच्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा. अक्षता सोहळ्याला अण्णा बाराबंदी घालून गेले, तर गर्दीत समोर मेस्त्री, तेही बाराबंदीत. अण्णांनी तिथंच विचारलं, "सेंट्रिंगचं सामान कधी येतंय?" मेस्त्रींनी तोंड उघडलं, तेवढ्यात हजारो गळ्यांतून "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" उठलं. उत्तर सिद्धरामेश्वरांनाच ठाऊक. त्यांनी बाराव्या शतकात अख्खा तलाव खोदवून घेतला. तेव्हाचे मेस्त्री कुठले होते, कोण जाणे.

पाडवा सेंट्रिंगच्या बल्ल्यांखाली गेला. स्लॅब पडला ऐन एप्रिलात, पारा 42 वर असताना. पहाटे मिक्सर सुरू झाला, दुपारी मजुरांना मटणाचं जेवण झालं, आणि खऱ्या अर्थानं घर बांधायला त्यानंतर सुरुवात झाली, कारण आता पाणी मारायचं होतं. काँक्रीट 28 दिवस ताकद धरत असतं, आणि आपल्या उन्हात निदान 14 दिवस तरी ते सुकू द्यायचं नाही, असं इंजिनिअरनं बजावलं. अण्णांनी ते मनावर घेतलं. स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या कडा करून वाफे केले, कॉलमना गोणपाट गुंडाळलं, आणि टँकर मागवला.

सोलापुरात उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला पाणी रोज येतं असं कुणी म्हणणार नाही. आमच्या राहत्या घरी तर पाण्याचा दिवस उगवला की भांडी, बादल्या, पिंप, झालंच तर कुकरसुद्धा भरून ठेवतात. मी दाढीला तांब्याभर जास्त घेतलं की आई कडीला हात लावून उभी. आणि तिकडे न राहिलेल्या घराच्या डोक्यावर घोटाभर गोड पाणी डुलतंय! एका रविवारी मी बादली आणि टॉवेल घेऊन शिडीला लागलो, तर वरून अण्णा ओरडले, "खबरदार! साबण पडेल स्लॅबवर!"

अण्णांचे वाफे मात्र बघण्यासारखे. एकही कड फुटलेली नाही, एक इंच कोरडा नाही. शेजारचे प्लॉटवाले वर येऊन बघून गेले. त्यांचा मेस्त्री काम अर्धवट टाकून गेला होता. "अण्णा, तुमचे मेस्त्री आम्हाला द्या की ओ," म्हणाले. कौतुकानं विरघळून अण्णांनी नंबर देऊन टाकला.

आता आमचे निम्मे गवंडी तिकडे आहेत. अण्णाही सकाळी आधी तिकडेच जातात, कारण त्या लोकांना म्हणे लेव्हलमधलं काही कळत नाही. आमच्याकडे प्लास्टर व्हायचंय. मेस्त्रींना फोन केला तर म्हणतात, "हुतंय की साहेब, अण्णा हितंच हायेत, बोला."

ग्रुपवर फोटो मात्र रोज येतात. भाऊ खूष आहे.