‘फिट टू विंडो’ने शार्पनेस कळत नाही

‘फोटो शार्प आहे का हे बघायला इरफानव्ह्यू या फोटो पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये फोटो खिडकीत बसवण्याचा (‘फिट टू विंडो’) पर्याय कायम चालू ठेवा,’ हा लेखातला सल्ला पटला नाही. ६०००×४००० पिक्सेलचा फोटो १९२०×१०८० च्या स्क्रीनवर पूर्ण बसवला की तो जेमतेम २७ टक्क्यांवर दिसतो. म्हणजे मूळचे तेरा-चौदा पिक्सेल मिळून एक दिसणार! डोळ्यावरचा फोकस किंचित चुकला असेल किंवा हात हलला असेल, तर ते त्यात साफ झाकलं जातं. शार्पनेस १०० टक्क्यांवरच, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर दिसतो तेव्हाच, तपासायचा. त्यातही सिस्टिमचं डिस्प्ले स्केलिंग (स्क्रीनवरची अक्षरं-चित्रं मोठी करून दाखवण्याची सोय) १५० टक्के असेल आणि प्रोग्रॅम ते ओळखत नसेल, तर १०० टक्क्यांवरही चित्र ताणून मऊ दिसतं. दोष फोटोचा नसतो.

रोजच्या पाहण्यासाठी ‘फक्त मोठे फोटो खिडकीत बसवा’ हा पर्याय उत्तम. मोठे आटोक्यात येतात आणि ६४०×४८० सारखे छोटे फोटो उगाच फुगून धूसर होत नाहीत. लेखात तो सुटलाच आहे. ‘फोटोप्रमाणे खिडकी’ मात्र उभे-आडवे फोटो एकत्र असताना टाळावं. दर फोटोला खिडकीचा आकार बदलतो आणि आधीच्या फोटोशी तुलना करता येत नाही.