थांबा! जाऊ नका!

माझ्या वेबसाइटच्या पानावर माणूस सरासरी सात सेकंद थांबतो, हे मला एका आलेखाने सांगितलं. सात सेकंदांत माणसाची फार तर एखादी शिंक होते. मी मात्र अकरा रात्री जागून त्या पानावर कमरेला आधार देणाऱ्या खुर्चीचं वर्णन लिहिलं होतं. लिहिताना बसलो होतो जुन्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, त्यामुळे कंबरदुखीचा परिच्छेद अगदी आतून उतरला होता. तिथपर्यंत कुणी पोचतच नव्हतं.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अ‍ॅफिलिएट मार्केटिंगमध्ये खुर्ची आपली नसते, दुकान आपलं नसतं, गिऱ्हाईकही आपलं नसतं. आपला असतो तो फक्त लिंकच्या शेपटाला चिकटवलेला एक ओळखक्रमांक. आपल्या बटणावरून माणूस दुकानात गेला की त्याच्या ब्राउझरमध्ये आपल्या नावाची कुकी, म्हणजे एक छोटीशी नोंद, बसते, आणि ठरलेल्या मुदतीत त्याने खरेदी केली तर आपल्याला कमिशन. कुठे ही मुदत तीस दिवस असते, कुठे जेमतेम चोवीस तास. मधेच तो दुसऱ्याच्या लिंकवरून गेला तर आपलं पुण्य वाया. सहसा शेवटचा क्लिक ज्याचा, कमिशन त्याचं. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

"मामा, तुमचं पान मेलेलं आहे," भाचा म्हणाला. तो संगणकाच्या कामात मुरलेला, त्यामुळे त्याला मृत्यूचे दाखले द्यायची सवय आहे. "काही हलत नाही, काही विचारत नाही. इंटरॲक्टिव्ह करा. दोन-चार स्क्रिप्ट टाका, म्हणजे पान हलवणारे कोडचे छोटे तुकडे."

"तू टाकून दे ना."

"फुकटच्या शेकड्याने मिळतात. कॉपी करायची, चिकटवायची. दहा मिनिटांचं काम."

या स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहितात ती जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये दहा दिवसांत उभी केली. मला त्यातली एक स्क्रिप्ट चिकटवायला तेवढेच दिवस लागले, म्हणजे तशी बरोबरीच म्हणायची.

पहिली स्क्रिप्ट होती उलट्या मोजणीच्या टायमरची. सवलत एकतीस डिसेंबरला संपणार होती. ती खरीच संपणार होती, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे माझ्या सचोटीबद्दल फार बोलता येणार नाही. कोड चिकटवला. काहीच दिसलं नाही. दोन तासांनी कळलं की मी तो आधी लेख लिहायच्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घेतला होता आणि त्या सुसंस्कृत प्रोग्रॅमने सगळी सरळ अवतरणचिन्हं गोलसर, छापील वळणाची करून दिली होती. ब्राउझरला सौंदर्यदृष्टी नाही. एक चिन्ह वाकडं दिसलं की तो अख्खी स्क्रिप्ट टाकून देतो.

चिन्हं सरळ केली. आता कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो त्या खिडकीत, लाल अक्षरांत तक्रार आली की 'नल'चे गुणधर्म वाचता येत नाहीत. मी बापडा 'नल' म्हणजे काय ते शोधत बसलो; नल म्हणजे 'काहीच नाही'. झालं होतं असं, की स्क्रिप्ट पानाच्या अगदी डोक्यावर बसली होती आणि जो चौकोन शोधायचा तो पानाच्या पोटात. पान वरून खाली वाचलं जातं. म्हणजे माणूस जन्माला यायच्या आधीच त्याच्या नावाने हाका मारणं चाललं होतं. स्क्रिप्ट उचलून तळाशी नेली आणि टायमर उगवला!

फक्त सवलत संपायला महिनाभर जास्त उरला होता. कारण या भाषेत तारीख एकपासून मोजतात, पण महिना शून्यापासून. जानेवारी शून्य, डिसेंबर अकरा. मी बारा लिहिल्यावर तिने मला वेड्यात न काढता, शांतपणे पुढच्या वर्षाच्या जानेवारीत नेऊन सोडलं. असल्या बाबतीत एरर द्यायचा सोडून समजूतदारपणा दाखवणारी यंत्रं मला आवडत नाहीत.

मग मी आकड्यांचा नाद सोडून तारीख सरळ मजकुरात लिहिली. माझ्या संगणकावर उत्तम. बायकोच्या जुन्या फोनवर मात्र उरलेला वेळ दिसला तो असा: नॅन दिवस, नॅन तास, नॅन मिनिटं.

"हे नॅन कोण?" तिने विचारलं.

नॅन म्हणजे 'नॉट अ नंबर', हा आकडाच नव्हे. पण त्याचा प्रकार विचारला तर जावास्क्रिप्ट सांगते, आकडा. आणि नॅनची नॅनशी तुलना केली तर दोन्ही सारखे नाहीत असं उत्तर येतं. स्वतःशीच न पटणारी माणसं मी पाहिली होती, आता आकडाही पाहिला. त्या फोनच्या ब्राउझरला माझी तारीख लिहायची पद्धत मान्य नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटी वैतागून मी तिसराच उपाय केला. तारीख-बिरीख काही नको. माणूस पानावर आला की त्याच्यापुरती पंधरा मिनिटं मोजायची. "ही संधी फक्त 15:00 मिनिटं!" हे न बिघडता चाललं. पान पुन्हा उघडलं की पुन्हा पंधरा. करायला गेलो गणपती, झाला मारुती. पण मारुती चालत होता, म्हणून मी त्याला राहू दिलं.

त्याच सुमारास आणखी एक पट्टी लावली: "सध्या 27 जण हे पान पाहत आहेत." हा आकडा स्क्रिप्ट अठरा ते चौतीसमधून मनाला येईल तो काढायची. एकदा रात्री तीन वाजता मी एकटाच जागा होतो, कंबर ठणकत होती, आणि पानावर एकतीस जण होते. खरं सांगतो, बरं वाटलं. सोबत वाटली. भाच्याने दुसऱ्या दिवशी ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "मामा, ही सरळ फसवणूक आहे. याला डार्क पॅटर्न म्हणतात." हॅरी ब्रिग्नल नावाच्या गृहस्थांनी 2010 मध्ये असल्या क्लृप्त्यांना हे नाव दिलं, हेही त्याने सांगितलं. मी ती पट्टी काढली. एकतीस जण एका फटक्यात गेले. टायमरबद्दल तो काही बोलला नाही, कारण त्याने पान दोनदा उघडून पाहिलं नव्हतं. मीही बोललो नाही.

आता पॉपअप, म्हणजे पानावर मधेच उगवणारी चौकट. पॉपअपचा जनक मानले जाणारे ईथन झुकरमन यांनी 2014 मध्ये एका लेखात जगाची जाहीर माफी मागितली. माफी मागायची वेळ माझ्यावरही येणार होती, पण तेव्हा मला तो 'एक्झिट इंटेंट' प्रकार फार हुशारीचा वाटला. माणसाचा माउस पानाच्या वरच्या काठाकडे सरकला, म्हणजे हा टॅब बंद करणार, असं स्क्रिप्ट ओळखते आणि झटकन आडवी येते: "थांबा! जाऊ नका!" पाहुणा चपला घालायला लागल्यावर ज्यांना महत्त्वाचं आठवतं, तशा माणसांचा हा यांत्रिक अवतार.

अडचण अशी की माणूस वरच्या काठाकडे फक्त जाण्यासाठी सरकत नाही. कुणाला पत्ता पाहायचा असतो, कुणाला दुसऱ्या टॅबवर चाललेलं गाणं बंद करायचं असतं. प्रत्येकाला माझी गयावया. शिवाय पॉपअप बंद करायची फुली कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यावर आधीच मी "काही मदत हवी का?" विचारणारा गोल डकवलेला. कुठली वस्तू कुणाच्या वर दिसावी हे झेड-इंडेक्स नावाच्या आकड्यावर ठरतं. गोलाला कुणीतरी 9999 दिला होता, म्हणून मी पॉपअपला 99999 दिला. मग पॉपअपने टायमर झाकला. टायमरला आणखी एक नऊ. खिडकीपाशी रांग मोडून पुढे घुसणाऱ्यांचं भांडण आणि हे, फरक नाही. याला वरची मर्यादा आहे, 2147483647, आणि मी तिथवर गेलो होतो हे इथे कबूल करतो. पानाच्या तळाशी "या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळते" अशी ओळ होती. अख्ख्या पानातलं सगळ्यात खरं वाक्य ते, आणि नेमकं तेच सगळ्यांच्या मागे गेलं.

फोनवर माउसच नसतो. म्हणून तिथे दुसरी स्क्रिप्ट मागे जायच्या बटणावर पाळत ठेवते: ब्राउझरच्या इतिहासात आपलीच एक खोटी पायरी घालून ठेवायची, म्हणजे मागे जाणारा पुन्हा आपल्याकडेच येतो. ही मी एका संध्याकाळी बसवली आणि विसरलो. रात्री सासऱ्यांचा फोन.

"जावईबापू, खुर्ची छान आहे हो तुमची."

"घेताय का?"

"नाही. तुमच्या पानातून बाहेर कसं पडायचं, ते विचारायला फोन केला."

मी सांगितलं, फोन बंद करून चालू करा. ते म्हणाले, दोनदा केला, चालू झाल्यावर तेच पान परत समोर येतं आणि थांबा म्हणतं. ती स्क्रिप्ट मी त्याच रात्री काढली. सासऱ्यांनी मात्र त्यानंतर मी पाठवलेली एकही लिंक उघडलेली नाही.

एवढं सगळं लादल्यावर पानाचं वजन वाढलं; नाकापेक्षा मोती जड. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला तर चांगलं समजतात. माझ्या पानाला नऊ लागत होते. म्हणजे माणूस सात सेकंदांत निघून जायचा आणि पान नऊ सेकंदांनी यायचं. दोघांची भेटच नव्हती. जे चिवट थांबायचे, त्यांचं बोट बटणावर टेकणार एवढ्यात वरून टायमर उतरायचा, बटण चार बोटं खाली सरकायचं आणि बोट पडायचं प्रश्नमंजूषेवर. होय, प्रश्नमंजूषाही होती. "तुमची कंबर तुम्हाला किती वेळा आठवते?" त्याबद्दल जास्त बोलत नाही.

सगळ्यात मोठा दणका दिला तो सगळ्यात साध्या स्क्रिप्टने. बटणावर किती जणांनी क्लिक केलं ते मोजायचं, एवढंच तिचं काम. तीन दिवसांत चौसष्ट क्लिक! घरात मी छाती काढून फिरलो. विक्री शून्य. चौथ्या दिवशी शंका आली म्हणून स्वतः बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मोजणी सहासष्ट झाली, दुकान काही उघडेना. स्क्रिप्टमध्ये 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' नावाची ओळ होती; तिचा अर्थ, बटणाचं मूळ काम थांबव, आधी मला मोजू दे. मोजून झाल्यावर माणसाला दुकानात पाठवायची पुढची ओळ मी कॉपी करताना खालीच राहिली होती. म्हणजे दारात उभा राहून मी येणाऱ्यांची खानेसुमारी करत होतो आणि दाराला कुलूप होतं. त्या चौसष्टांत एकट्या एका भल्या माणसाचे अकरा क्लिक होते. त्याच्या कंबरेची मला अजून काळजी वाटते.

यावेळी मी शहाणपणा केला. तुकड्यातुकड्याने कॉपी करण्याऐवजी एक तयार स्क्रिप्ट आख्खीच्या आख्खी उचलली: क्लिक मोजते, पानावरच्या प्रत्येक लिंकला ओळखक्रमांक लावते आणि माणसाला दुकानात पोचवते. एकही ओळ खाली राहू दिली नाही.

दोन दिवसांनी मी संध्याकाळी घरी आलो तर दारात भलं मोठं खोकं.

"उघडा," बायको म्हणाली. "रोज कण्हत असता. तुमच्याच पानावरून मागवली, म्हटलं कमिशनही घरातच राहील."

आत खुर्ची होती. ती. मी वर्णन लिहिलेली. कमरेला खरोखरच आधार देत होती, वर्णनात मी फार वाढवून लिहिलं नव्हतं हे बसल्यावर कळलं. पहिली विक्री! मी खुर्चीवरून न उठता माझं खातं उघडलं. क्लिक शून्य, विक्री शून्य.

भाच्याला बोलावलं. त्याने बटणावर माउस नेला, खाली कोपऱ्यात लिंक उमटली, ती त्याने शेपटापर्यंत वाचली. "मामा, हा क्रमांक तुमचा आहे?"

नव्हता. ज्या अनोळखी माणसाने ती स्क्रिप्ट लिहून फुकट वाटली होती, त्याचा होता. एकही ओळ खाली राहू दिली नव्हती ना, त्यात हीसुद्धा आली. माझ्या पानावरून, माझ्या बायकोने, माझ्या कमरेसाठी घेतलेल्या खुर्चीचं कमिशन त्याच्या खात्यात जमा झालं होतं.

"एका अर्थी बरंच झालं," भाचा म्हणाला. "घरच्यांनी केलेली खरेदी बहुतेक योजनांमध्ये धरत नाहीत. तुमचा क्रमांक असता तर बाद झाली असती. त्याची मात्र अगदी नियमात बसली."

तो हे समाधान द्यायला म्हणाला असावा. मी बायकोकडे वळलो. "अगं, पण मला एकदा विचारायचं तरी. दोन दिवस थांबली असतीस तर—"

"थांबणार कशी?" ती म्हणाली. "नऊच मिनिटं उरली होती!"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं.