महेश्वरजवळच्या दोन रात्री
कॅरव्हॅनवाल्यांचे, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या घेऊन फिरणाऱ्यांचे मोठे मेळावे म्हणजे महागड्या गाड्यांचं प्रदर्शन, असं नुकत्याच वाचलेल्या एका लेखात म्हटलंय. मला हे पटलं नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं इंदूरहून महू, जाम घाट करत महेश्वरजवळच्या अशाच एका मेळाव्याला गेलो होतो. कॅरव्हॅन नाही, साधा तंबू. शेजारच्या काकूंनी आल्या आल्या चहा दिला आणि वारा कुठून येतो ते बघून आमचे खुंटे पुन्हा ठोकायला लावले.

रात्री थंडी वाढली तशी एका कुटुंबानं पेटती कोळशाची शेगडी तंबूत घेतली. एक जुने जाणते काका धावत गेले आणि ती बाहेर काढायला लावली. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. मुलं लहान होती हो त्यांची! लेखात हे यायलाच हवं होतं.

खटकलं ते सांडपाणी. कॅरव्हॅनमधल्या शौचालयाची टाकी रिकामी करायला आयोजकांनी जागाच ठेवली नव्हती. वास मारायला त्या टाकीत घालतात ते फॉर्मॅल्डिहाइडचं औषध साध्या सेप्टिक टँकमध्ये गेलं तर मैला कुजवणारे जिवाणूच मरतात. आणि खाली उताराला नर्मदा. इंदूरच्या नळाला १९७८ पासून तिचंच पाणी येतं, नर्मदेकाठच्या जलूद गावाहून. स्वच्छतेत २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिला नंबर घेणाऱ्या शहरातली आपण माणसं. तिच्या काठी टाकी ओतून यायची? पुढच्या मेळाव्याचे पैसे भरण्याआधी मी आयोजकांना हेच विचारणार आहे. तुम्हीही विचारा.