घोरणे, पाठ आणि थरथरणारा पट्टा: एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेला महिनाभर नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोड आणि इंदिरानगर भागातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे, आणि माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या गटांतून येऊन पोहोचला. त्याचा सारांश असा: घोरणे हा आजार नसून उताणे झोपण्याची वाईट सवय आहे, उताणे होताच थरथरून जागे करणारा पट्टा लावला की घोरणे थांबते, आणि घोरणे थांबले की स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजारही गेला, त्यामुळे झोपेची तपासणी नको आणि हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारे, रात्री तोंडावर मास्क लावायचे सीपॅपचे मशीनही नको, पट्टा परवडत नसेल तर बनियनला पाठीमागून टेनिसचा चेंडू शिवावा, गुण तोच, महिनाभरात शरीराला वळण लागते आणि मग काहीच लावावे लागत नाही, शिवाय लहान मुलांपासून गरोदर स्त्रियांपर्यंत कोणालाही अपाय नाही.

मी स्वतः दोन वर्षांपासून असा पट्टा वापरतो आणि त्याच्यावर खूश आहे, त्यामुळे हे उत्तर पट्ट्याच्या विरोधात नाही. ते लिहायला घेतले कारण आमच्याच मजल्यावरच्या एका काकांनी हा संदेश वाचून आपले सीपॅप मशीन पिशवीत घालून माळ्यावर टाकले. काका सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत आणि महिन्यातून दोनदा तरी स्वतः गाडी चालवत कसारा घाट उतरून लेकीकडे ठाण्याला जातात. दिवसा डुलकी लागण्याचा ज्यांना त्रास होता आणि म्हणूनच ज्यांना मशीन दिले गेले, अशा माणसाने एका फॉरवर्डच्या भरवशावर ते बंद करावे, हे मला गप्प बसून पाहवले नाही.

पहिला दावा निम्मा खरा आहे, आणि म्हणूनच तो पटकन पटतो. माणूस उताणा झोपला की जिभेचा मागचा भाग आणि मऊ टाळू स्वतःच्या वजनाने घशाकडे ढळतात, फुप्फुसांत उरणारी हवा थोडी कमी होते, आणि आधीच अरुंद असलेली श्वासाची वाट आणखी आवळली जाते. कुशीवर वळले की हे वजन बाजूला पडते. १९८४ साली शिकागोच्या संशोधक रोझलिंड कार्टराइट यांनी यासाठी एक साधी कसोटी मांडली: उताणे असताना तासाला होणारे श्वासाचे अडथळे इतर स्थितींपेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त असतील, तर त्या रुग्णाचा आजार स्थितीवर अवलंबून आहे असे धरावे. या कसोटीला स्लीप ॲप्नियाचे साधारण निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक रुग्ण उतरतात. संदेश इथेच थांबला असता तर भांडण नव्हते. पण उरलेल्यांचे काय? ज्यांचे टॉन्सिल मोठे आहेत, जबडा मागे आहे, नाक कायम चोंदलेले आहे किंवा मानेभोवती चरबी साठली आहे, ते कोणत्याही कुशीवर घोरू शकतात. रात्रीच्या मद्याने घशाचे स्नायू सैल पडतात ते वेगळेच, आणि द्राक्षांच्या आणि वाइनच्या या गावात ते सांगणारा फारसा लोकप्रिय होत नाही.

या दाव्याला जोडून संदेशात ‘आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते, म्हणूनच वामकुक्षी’ असेही एक वाक्य आहे. वामकुक्षी म्हणजे डावी कूस हे खरे आहे, जेवणानंतर डाव्या कुशीवर आडवे झाल्याने आंबट ढेकरांचा आणि जळजळीचा त्रास कमी होतो हेही खरे आहे. मात्र घोरण्याच्या बाबतीत मुख्य फरक पडतो तो उताणे आणि कुशीवर यांच्यात, डाव्या-उजव्याचा तिथे एवढा बडिवार नाही. आणि आपल्यातले बहुतेक जण दुपारची वामकुक्षी आरामखुर्चीत चक्क उताणे पडूनच घेतात, हे ज्याने त्याने आपापल्या घरी तपासावे.

सगळ्यांत घातक उडी आहे ती ‘घोरणे थांबले म्हणजे आजार गेला’ ही. घोरणे हा आवाज आहे. अरुंद वाटेने हवा जाताना मऊ भाग फडफडतात त्याचा. वाट पूर्ण बंद झाली तर आवाजही बंद होतो. स्लीप ॲप्नियाच्या रुग्णाजवळ झोपणाऱ्या माणसाला हे न शिकवता कळते. माझ्या तपासणीच्या आधीच्या हिवाळ्यात, पंखा बंद असल्यामुळे खोलीतला एकूण एक आवाज ऐकू येत असे तेव्हा, माझी पत्नी अंधारात आकडे मोजत असे. घोरणे चालू असेतो ती निश्चिंत असायची. ते मध्येच तुटले की मोजायला लागायची, आणि पंधरा, वीस, कधी पंचवीसपर्यंत गेल्यावर मी मोठा आचका देऊन श्वास घेत असे. “अहो, तुमच्या घोरण्याची नाही, तुम्ही गप्प होता त्याची मला भीती वाटते,” असे ती एकदा म्हणाली होती. घोरणे मोजणाऱ्या मोबाईलच्या ॲपला हा फरक बहुधा कळत नाही, कारण उशीजवळ ठेवलेला फोन आवाज टिपतो. झोपेच्या तपासणीत बोटाला लावलेला ऑक्सिजनचा सेन्सर, नाकाजवळची नळी आणि श्वासाची हालचाल टिपणारा छातीचा पट्टा जे मोजतात ते त्याच्या आवाक्यात नसते. ॲपमधला घोरण्याचा आलेख खाली आला म्हणून आनंद मानणाऱ्याने तेवढ्या वेळात ऑक्सिजन किती होता हे पाहिलेले नसते.

तपासणी नको, या सल्ल्याचा फोलपणा एका साध्या हिशेबाने दाखवता येतो. तासाला श्वास किती वेळा अडतो किंवा उथळ होतो, या आकड्यावर आजाराची पायरी ठरते: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. समजा, दोन माणसे आहेत, दोघांचाही रात्रभराचा आकडा ३० आहे आणि दोघेही रात्रीचा ६० टक्के वेळ उताणे झोपतात. पहिल्याचे उताणे असताना तासाला ४६ अडथळे होतात आणि कुशीवर ६. दुसऱ्याचे उताणे असताना ४० आणि कुशीवर १५. वेळेच्या प्रमाणात बेरीज केली तर दोन्हीकडे ३० च येतात. आता दोघांनाही पट्टा दिला आणि पट्ट्याने आपले काम शंभर टक्के केले, म्हणजे रात्रभर कोणीच उताणे झाले नाही, असे धरू. पहिला ३० वरून ६ वर येतो, म्हणजे जवळजवळ बरा होतो. दुसरा १५ वर येतो, म्हणजे मध्यम आजाराच्या उंबरठ्यावरच राहतो. मात्र दोघांच्याही घरी घोरणे कमी झालेले असेल, दोघांच्याही बायका समाधानी असतील, आणि दोघेही हाच संदेश ‘मला गुण आला’ म्हणून पुढे पाठवतील. यांतला आपण कोणता, हे घरात बसून ओळखायचा मार्ग नाही. त्यासाठी अंगाची स्थिती नोंदवणारी तपासणी आणि अहवालातले ते दोन आकडे वेगवेगळे वाचणे लागते.

याला एक पोटकलम आहे, ते फारसे कोणी सांगत नाही. तपासणीच्या रात्री डोक्याला, छातीला आणि पायांना तारा लावलेल्या असतात, त्या निघतील या धास्तीने माणूस घरच्यापेक्षा जास्त वेळ उताणा पडून राहतो. त्यामुळे एकूण आकडा थोडा फुगू शकतो, आणि कधी कधी कुशीवरचा वेळ इतका कमी भरतो की त्यावरून काहीच ठरवता येत नाही. शिवाय पट्ट्यातला सेन्सर छातीची स्थिती पाहतो. धड कुशीवर आणि मान मात्र छताकडे, अशा अवस्थेत काहींचा घसा तसाच अडतो आणि पट्टा बिचारा गप्प असतो.

मग सीपॅपला पट्टा हा पर्याय आहे की नाही? निवडक लोकांसाठी आहे. २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११७ जणांवर दोन्ही उपाय आलटून पालटून वापरून पाहिले. मशीनवर तासाला सरासरी सुमारे ४ अडथळे उरले, तर थरथरणाऱ्या पट्ट्यावर सुमारे ७. मात्र पट्टा लोकांनी रात्री सरासरी ३४५ मिनिटे अंगावर ठेवला आणि मशीन २८७ मिनिटेच. उपाय थोडा कमी जोराचा, पण माणूस तो अधिक वेळ सोसतो, असा हा सौदा आहे, आणि तो वाईट नाही. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा असेच काहीतरी कुठेतरी वाचले असावे. त्याने गाळले ते हे की या अभ्यासात कुशीवर असताना ज्यांचा आकडा १० च्या आत होता अशांनाच घेतले होते. म्हणजे वरच्या हिशेबातला दुसरा माणूस त्या अभ्यासाच्या दारातूनच परत गेला असता. आणि ज्याला मशीन लागते त्याने ते बंद केले तर आधीच्या महिन्यांची पुण्याई शिल्लक राहत नाही. अडथळे काही दिवसांतच परत येतात.

टेनिसच्या चेंडूचा उपाय जुना आहे आणि तत्त्व तेच आहे, हे मान्य. मीही सुरुवात तिथूनच केली. मोज्यात चेंडू घालून तो बनियनला पाठीच्या मधोमध शिवला. दुसऱ्याच रात्री सुटलेला मोजा कमरेखाली सरकला आणि मी त्याच्या वरच्या बाजूला आरामात उताणा झोपलेला सापडलो. नीट शिवला तेव्हा तो मणक्याला असा टोचायचा की कुशीवर वळण्याऐवजी जागच येई. थरथरणाऱ्या पट्ट्यात फरक इथे आहे. छातीच्या मधोमध आगपेटीएवढे यंत्र असते, झोप लागेपर्यंत ते काही वेळ थांबते, मग उताणे झाल्यावर आधी हलके, न ऐकल्यास वाढत्या जोराने, सायलेंटवर ठेवलेल्या फोनसारखे गुरगुरते. बहुतेक वेळा माणूस पुरता जागा न होताच कूस बदलतो. चेंडूचे पुढे काय होते याचा पाठपुरावा ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड इथल्या संशोधकांनी करून २००९ साली प्रसिद्ध केला. चेंडूचा सल्ला दिलेल्या ६७ जणांपैकी सरासरी अडीच वर्षांनी ४ जण तो वापरत होते. बहुतेकांनी सोडण्याचे कारण एकच सांगितले: झोपवत नाही. ‘गुण तोच’ असेल कदाचित, पण कपाटात पडलेल्या बनियनचा गुण कोणाला येणार?

महिनाभरात वळण लागते, या दाव्याचे उत्तरही त्याच ६७ जणांत आहे. त्यांपैकी ९ जणांनी सांगितले की आता चेंडू लावत नाही, पण उताणे न झोपण्याची सवय झाली. म्हणजे वळण लागूच शकत नाही असे नाही. पण उरलेले ५४ जण चेंडूही लावत नव्हते आणि उताणे झोपणे टाळतही नव्हते. माझा स्वतःचा अनुभव या ५४ जणांच्या पंगतीतला आहे: प्रवासात पट्टा विसरला की पहाटे घसा कोरडा आणि डोके जड, हे ठरलेले.

अपायाबद्दल थोडक्यात. ज्यांचा खांदा आखडलेला आहे त्यांना रात्रभर कुशीवर झोपणे ही शिक्षा असते. पेसमेकर असलेल्यांनी छातीवर बांधायचे कोणतेही विजेचे उपकरण डॉक्टरांना विचारूनच लावावे. मुलांच्या घोरण्याचे कारण बहुतेकदा वाढलेले टॉन्सिल आणि ॲडिनॉइड (नाकाच्या मागची गाठ) हे असते; त्यांना पट्टा नव्हे, कान-नाक-घसा तज्ज्ञ लागतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत कुशीवर झोपावे हा सल्ला बरोबर आहे, परंतु तो घोरण्यासाठी दिलेला नाही, आणि त्या काळात नव्याने सुरू झालेले घोरणे वाढत्या रक्तदाबाच्या सोबत येऊ शकते, म्हणून ते पट्ट्याने दाबण्याऐवजी तपासणीला गेल्यावर सांगायचे असते.

काकांना मी हे सगळे एका बैठकीत सांगितले नाही; फक्त त्यांचा जुना अहवाल मागितला. त्यात स्थितीनुसार आकड्यांचा तक्ता होता. उताणे असतानाच्या रकान्यात ३८ होते, आणि कुशीवरच्या रकान्यात नुसती आडवी रेघ, कारण तारा लावलेली ती अख्खी रात्र काका हललेच नव्हते. “म्हणजे मला पट्टा चालेल की नाही, हे यावरून कळतच नाही?” असे त्यांनी विचारले. “नाही काका,” मी म्हणालो. आता पट्टा लावून घरच्या घरी आणखी एक रात्र मोजायची, असे त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरले आहे. तोवर मशीन माळ्यावरून उतरून पलंगाशेजारच्या स्टुलावर आले आहे, आणि ठाण्याला ते पुढच्या शनिवारी एसटीने जाणार आहेत.