"एमिनेमने हरवलं म्हणून एमजीके रॉकमध्ये पळाला"? तारखा तरी बघा

अमेरिकन रॅपर मशीन गन केलीचं (एमजीके) नवीन काही आलं की हेच वाक्य परत फिरायला लागतं: रॅपर एमिनेमने त्याचं रॅप करिअर संपवलं म्हणून तो गिटार उचलून रॉकमध्ये पळाला. मी त्याला पहिल्या अल्बमपासून ऐकतोय आणि हे वाचून दरवेळी जीव जळतो.

जे खरंय ते आधी मान्य करतो. 3 सप्टेंबर 2018 ला त्याने एमिनेमवर टीका करणारं 'रॅप डेव्हिल' हे गाणं काढलं, अकरा दिवसांनी एमिनेमचं उत्तर, 'किलशॉट', आलं, आणि ते भारीच होतं. अमेरिकेतल्या गाण्यांच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत 'किलशॉट' 3 नंबरपर्यंत गेलं, 'रॅप डेव्हिल' 13 वर थांबलं. ती लढत एमिनेमने जिंकली, त्यावर वादच नाही. माझा वाद त्या 'म्हणून'शी आहे.

कारण रॉक त्याच्याकडे 2018 नंतर आलेलंच नाही. 2012 चा त्याचा अल्बम 'लेस अप' काढून ऐका, त्यात 'सेव्ह मी' आहे आणि त्या गाण्यात त्याच्यासोबत कोण, तर ॲव्हेंज्ड सेव्हनफोल्ड या बँडचे एम. शॅडोज आणि सिनिस्टर गेट्स, म्हणजे पक्के मेटलवाले. त्याच वर्षी तो वॉर्प्ड टूरवर होता, जी मुळात पंक बँडांची टूर. आणि 'द डर्ट' या पिक्चरमध्ये त्याने मॉटली क्रू या रॉक बँडचा ड्रमर टॉमी ली केलाय, पिक्चर आला मार्च 2019 मध्ये पण शूटिंग सुरू झालं 2018 च्या सुरुवातीला, म्हणजे 'किलशॉट'च्या कितीतरी महिने आधी हा माणूस रॉक ड्रमर बनून कॅमेऱ्यासमोर बसला होता. मग पळाला कधी?

करिअर संपलं म्हणता, तर 'किलशॉट'नंतर आठवड्याभरात त्याचा 'बिंज' ईपी (छोटा अल्बम) आला, आणि जुलै 2019 मध्ये 'हॉटेल डायब्लो' हा अल्बम, बहुतेक सगळा रॅप. तो अल्बमच्या बिलबोर्ड 200 यादीत 5 नंबरला गेला, आधीचा अल्बम 'ब्लूम' 8 वर होता. करिअर संपलेल्याचा पुढचा अल्बम आधीच्यापेक्षा वर जातो का? याच अल्बमच्या शेवटी ब्रिटिश गायक यंगब्लड आणि पंक बँड ब्लिंक-182 चा ड्रमर ट्रॅव्हिस बार्कर यांच्यासोबतचं 'आय थिंक आय'म ओके' आहे, त्यातूनच बार्करबरोबरचा रॉक अल्बम 'टिकेट्स टू माय डाउनफॉल' सप्टेंबर 2020 मध्ये आला, आणि तो त्याचा पहिला 1 नंबर अल्बम ठरला.

रॉक म्हणजे लपायची सोपी जागा हेही चूक. 2021 मध्ये लाउडर दॅन लाइफ या रॉक फेस्टिवलला रॉकच्याच पब्लिकने त्याची हुर्यो उडवली, तरी तो गात राहिला. पुढच्या वर्षी 'मेनस्ट्रीम सेलआउट' हा अल्बम आला, मला स्वतःला त्यातली अर्धीच गाणी आवडली, पण तोही 1 नंबरला गेला आणि बेस्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी नॉमिनेशनही मिळालं.

आणि रॅप सोडलं कुठे? 2024 मध्ये रॅपर ट्रिपी रेडबरोबर 'जॉनर : सॅडबॉय' काढला, त्याच वर्षी कंट्री गायक जेली रोलबरोबर 'लोनली रोड' हे गाणं, सरळसरळ कंट्री. तिकडे जायला तर त्याला कुणी हरवलेलंही नव्हतं.