आईला दोष आणि नव्वद दिवसांचं पॅकेज

‘ऑटिझम म्हणजे आईच्या दुर्लक्षाचं फळ’ असा एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. एरवी वाचून डिलीट केला असता. पण ताईच्या चुलत सासऱ्यांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर तिचं नाव घालून ‘अवश्य वाच’ आणि खाली जोडलेले हात. तिचा मुलगा सात वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. आता गप्प बसणं शक्य नाही.

फॉरवर्ड म्हणतो, मोबाइलमुळे ऑटिझम होतो. नव्वद दिवस बंद करा, मूल ‘नॉर्मल’. बरं, अर्धं मान्य. तान्ह्या मुलांना स्क्रीन नको हे डॉक्टरही सांगतात, आणि दिवसभर कार्टूनसमोर बसवलेलं पोर बोलण्यात मागे पडू शकतं. पण अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अशा अकरा स्वमग्न मुलांचं वर्णन लिहिलं १९४३ साली. तेव्हा कुणाच्या हातात मोबाइल होता?

आई नोकरी करते म्हणून मूल असं झालं, हा दुसरा शोध. ही शिळी कढी आहे. अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकांत थंड काळजाच्या आयांवर असाच ठपका ठेवला गेला. १९६४ मध्ये तो खोडून काढणारे बर्नार्ड रिमलंड मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिस्टिक मुलाचे वडीलही.

आता ज्या वाक्याने डोकं फिरलं ते: ‘पालकांच्या ग्रुपपासून लांब राहा, तिथे फक्त रडगाणं चालतं.’

रडतात ना, का नाही रडायचं? पण तिथे आणखी काय चालतं ते सांगते. भाच्याला केस कापायला नेणं म्हणजे रणकंदन असायचं. मशीनचा आवाज, मानेवर टोचणारे केस, शेजारच्या खुर्चीवरच्या काकांचे सल्ले. ग्रुपमधल्या एका आईने सुचवलं, सोमवारी सलून बंद असतं तेव्हा न्या, ओळखीच्या न्हाव्याला विनंती करा, फक्त कात्री वापरायला सांगा. अर्धं शटर वर, आत एकच खुर्ची, हातात पाण्याची फवारणीची बाटली. केस वाकडे कापले गेले, पण कापले गेले! कुकरची शिट्टी होण्याआधी त्याला सांगायचं, यूडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) कुठले कागद लागतात, अशा मुलांसाठीचा सरकारी ‘निरामय’ आरोग्य विमा काढायचा कसा, हेही ताईला तिथेच कळलं. थेरपिस्टच्या पाऊण तासात या गोष्टी निघतच नाहीत.

हो, या ग्रुपांत भलतेसलते उपायही सांगितले जातात. ते वेचून बाजूला ठेवावे लागतात. घरच्या ग्रुपवर तरी दुसरं काय करतोय आपण?

आणि आईला दोष न देता सोबत घेतल्याने काय होतं हे पाहायचं तर गोव्याकडे बघा. गोवा आणि रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तज्ज्ञ नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते पालकांसोबत बसायचे, मुलाशी खेळतानाचा त्यांचाच व्हिडिओ त्यांना दाखवायचे, नेमकं कुठे जमलं ते दाखवून द्यायचे. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले, मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. ऑटिझम गेला नाही, तसा दावाही कुणी केला नाही. पण आईला खडसावून यातलं काय साधलं असतं?

लशीमुळे ऑटिझम होतो, हा फॉरवर्डमधला मुद्दा दोन ओळींत संपतो. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्ड यांचा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला, त्याच वर्षी त्यांची ब्रिटनमधली डॉक्टरकीची नोंदणीही गेली. गहू-दूध बंद करा, असंही फॉरवर्ड सांगतो; त्याबद्दल मुलाच्या डॉक्टरांना विचारा, फॉरवर्डला नाही.

सगळ्यात शेवटी एक फोन नंबर आहे आणि ‘स्टेम सेलसह नव्वद दिवसांचं पॅकेज’, म्हणजे शरीरात मूलपेशी सोडण्याचा उपचार. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस नाही आणि त्यांचा प्रचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरेल. काका, तो नंबर तेवढा ग्रुपवरून काढा.